कीर्ति न लाभलेले सुरांचे सेवक

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं परमेश्वराचे आभार मानतांना धर्मगुरूंचें, धर्मभगिनींचें, उपदेशकांचें व देणगीदारांचें स्मरण होतें, आणि तें योग्यच आहे. परंतु उपासनेस सूर देणारांचें स्मरण बहुधा राहून जातें. म्हणून या स्मरणिकेंत आम्ही अशा एका वादकवर्गाची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों, कीं ज्याची विद्या चर्चच्या छायेंत वाढली, ज्याचें वादन साऱ्या हिंदुस्थानानें ऐकलें, आणि ज्यांतील कित्येकांकडून फार मोठ्या कीर्तीची अपेक्षा असूनही ती त्यांस मिळाली नाहीं. हे गोव्याचे कॅथलिक वादक होत.

पूर्णा व नांदेड यांच्या मधलें आमचें चुडावा गोव्याहून फार दूर आहे खरें. तथापि मुंबईच्या चित्रपटांतील गाणीं आगगाडीच्या या वाटेवरील गांवांतही पोहोंचलीं, लग्नाच्या वरातींत वाजलीं, शेताच्या बांधावर गुणगुणलीं गेलीं. गाणें कोणीं गायिलें, हें पुष्कळांस सांगतां येतें. गाण्याच्या दोन कडव्यांमध्यें एकदम उसळणारा व्हायोलिनांचा समूह किंवा ट्रंपेटची ललकारी कोणाच्या हातची, असें विचारलें म्हणजे मात्र सारे गप्प होतात.

या विद्येचें मूळ जुनें आहे. १५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवा घेतल्यानंतर त्याच शतकांत तेथील चर्चांना जोडून शाळा निघाल्या. त्यांतील संगीतशिक्षकास ‘मेस्त’ म्हणत. तो गांवच्या मुलांस पाश्चात्य स्वरलिपि वाचावयास, लॅटिन गीतें गावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवी. सण असो, लग्न असो वा मयत असो, ही मुलें चर्चमध्यें गात व वाजवीत. याच भूमींत फादर स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं प्रथम छापलें गेलें. त्या जुन्या मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. हातानें नकला उतरणारांनीं व श्रद्धेनें तें गाणारांनीं तो मराठी ग्रंथ वांचविला. ग्रंथकर्त्याचें नांव आपणांस ठाऊक आहे, परंतु उतरणारांचीं व गाणारांचीं नांवें बहुतेक लोपलीं. वादकांच्या बाबतींत पुढें असेंच घडलें.

गोव्यांत पोट भरेना, म्हणून पुष्कळ तरुण मुंबईस आले. धोबीतलाव व कावेल या भागांत त्यांच्या गांवांच्या नांवानें चालणारे ‘कूड’ होते. तेथें थोड्या भाड्यांत पथारी मिळे आणि सायंकाळीं सर्वांची मिळून रोझरीची प्रार्थना होई. मूकपटांच्या काळांत हे तरुण चित्रगृहांत वाद्यें वाजवीत. पुढें हॉटेलांच्या बँडांतही त्यांस काम मिळालें. १९३५ सालीं लिऑन अ‍ॅबी या अमेरिकन कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकानें मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आपला जाझ बँड आणला. तें नवें संगीत गोव्याच्या वादकांनीं इतक्या लौकर आत्मसात केलें, कीं थोड्याच वर्षांत त्यांचे स्वतःचे बँड नांवारूपास आले.

त्यांतील अग्रगण्य म्हणजे हळदोणें येथें १९१६ सालीं जन्मलेले आंतोनियो झेवियर वाझ. लोक त्यांस ‘चिक चॉकलेट’ म्हणत, आणि त्यांचें ट्रंपेट ऐकून त्यांस हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग ही पदवी देत. ताजमध्यें त्यांच्या बँडचें मोठें नांव होतें. आमच्याच महाराष्ट्रांतील पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र, यांनीं त्यांस चित्रपटांत घेतलें. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटांत हा बँड पडद्यावरही दिसतो. त्याच वर्षीं ‘नादान’ या चित्रपटास चिक चॉकलेट यांनीं स्वतंत्रपणें संगीत दिलें. परंतु संगीत-दिग्दर्शक म्हणून त्यांचा जम बसला नाहीं. १९६७ सालीं, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षीं, ते देवाघरीं गेले. ज्या आर्मस्ट्राँगशीं त्यांची तुलना होई, त्याची कीर्ति जगभर पसरली. यांची मुंबईपुरतीच राहिली.

हॉटेलांचें वैभवही फार काळ टिकलें नाहीं. परदेशी गिऱ्हाईक कमी झालें. १९४९ चा मुंबईचा दारूबंदीचा कायदा आमच्या घरांच्या दृष्टीनें हितकारक असेल, परंतु नृत्यगृहांच्या वादकांची मिळकत त्यानें घटली. त्याच सुमारास चित्रपटांचे वाद्यवृंद मोठे होत होते. साहजिकच वादक तिकडे वळले.

तेथें काम कसें चाले, हें समजल्यावांचून पुढील गोष्ट नीट कळणार नाहीं. संगीत-दिग्दर्शक पेटीवर चाल बसवी. ती चाल चाळीस-पन्नास वादकांनीं एकाच वेळीं वाजवावयाची, तर प्रत्येकापुढें त्याच्या वाट्याचे स्वर लिहिलेले असणें अवश्य होतें. चर्चच्या शाळेंत शिकलेली स्वरलिपि येथें कामीं आली. गोव्याचा संगीत-संयोजक चाल ऐकून ती कागदावर उतरी, कोणत्या वाद्यानें कोठें शिरावें तें ठरवी, कडव्यांमधल्या जागा भरी, आणि वादकांकडून सारें बसवून घेई. गायक व वाद्यवृंद यांचें ध्वनिमुद्रण एकदमच होई. एकाची चूक झाली तर सर्वांस पुनः प्रारंभ करावा लागे. एवढें करून तबकडीवर नांव येई तें गायकाचें, चित्रपटाचें व संगीत-दिग्दर्शकाचें.

सेबॅस्टियन डिसूझा (१९०६–१९९८) हे अशा संयोजकांचे मुकुटमणि. फाळणीपूर्वी लाहोरच्या एका हॉटेलांत त्यांचा स्वतःचा बँड होता. देशाचे दोन भाग झाले, तेव्हां तो संसार मोडून त्यांस मुंबईस यावें लागलें. येथें त्यांनीं ओ. पी. नय्यर यांच्यासाठीं व पुढें दोन दशकांहून अधिक काळ शंकर-जयकिशन यांच्यासाठीं वाद्यवृंदाची रचना केली. एका वाद्यानें मुख्य चाल धरावी आणि त्याच वेळीं दुसऱ्यांनीं खालून निराळीच धून चालवावी, ही त्यांची हातोटी. कोट्यवधि लोकांनीं ती ऐकली. त्यांपैकीं फारच थोड्यांस सेबॅस्टियन हें नांव ठाऊक आहे.

सर्वांत मोठी आशा ज्यांच्यावर होती, ते अँथनी गोन्साल्विस. १९२७ सालीं माजोर्डा येथें त्यांचा जन्म झाला. वडील तेथील चर्चचे गायनमास्तर होते. लहान वयांतच मुंबईस येऊन ते नौशाद यांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवूं लागले. त्यांनीं मुलांसही शिकविलें. प्यारेलाल शर्मा व राहुलदेव बर्मन हे त्यांचे शिष्य. परंतु दुसऱ्याच्या चाली लिहिण्यांत त्यांचें मन रमेना. आमचे राग व पाश्चात्य वाद्यवृंद यांचा मेळ घालून हिंदुस्थानची स्वतःची सिंफनी निर्माण करावी, हा त्यांचा ध्यास. १९५८ सालीं त्यांनीं इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापिला आणि सेंट झेवियर कॉलेजच्या प्रांगणांत लता मंगेशकर व मन्ना डे यांस घेऊन आपल्या रचना सादर केल्या. त्यांत सारंग रागावरील रचना होती.

तो वाद्यवृंद चिरस्थायी झाला नाहीं. १९६५ सालीं गोन्साल्विस अमेरिकेंतील सिरॅक्यूज विद्यापीठांत गेले, आणि चित्रपटसृष्टीचा व त्यांचा संबंध तुटला. पुढें ते माजोर्ड्यास परतले व शांतपणें राहिले. १९७७ सालीं ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपट आला, तेव्हां संगीतकार प्यारेलाल यांनीं गुरूचें ऋण म्हणून नायकास त्यांचें नांव देवविलें. तें नांव घेऊन गाणारा ईस्टरच्या अंड्यांतून बाहेर पडतांना पाहून सारा देश हंसला. तें एका खऱ्या गुरूचें नांव आहे, हें हंसणारांपैकीं फारच थोड्यांस माहीत होतें. १८ जानेवारी २०१२ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

हें असें कां घडलें? प्रतिभा कमी पडली, असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांस मोबदला मिळे तो त्या दिवशींच्या कामाचा. पुढें गाणें कितीही वाजलें तरी त्यांत वाटा नसे. शिवाय हॉटेलांतील श्रोत्यांस विलायती चाली हव्या असत आणि चित्रपटवाल्यांस ठराविक गाणीं. या दोहोंच्या मधलें जें संगीत त्यांच्या मनांत होतें, त्याला आश्रयदाता भेटला नाहीं. पुढें विद्युत्-वाद्यें आलीं, एकाच यंत्रांतून अनेक वाद्यांचे आवाज निघूं लागले, आणि मोठे वाद्यवृंद मोडले. चर्चमध्येंही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन मागें पडून लोकभाषेंत उपासना सुरू झाली. तिच्यायोगें आम्हांस मराठींत मिस्सा लाभली, पेटी-तबल्यास वेदीजवळ स्थान मिळालें, ही देवाची कृपाच होय. परंतु जुन्या मेस्ताची विद्या जेथें जन्मली, तें घर त्यामुळें रिकामें होत गेलें.

आज त्यांचीं नांवें आपणांस कळतात, तीं कोणीतरी वृद्ध वादकांकडे जाऊन, विचारून, लिहून ठेविलीं म्हणून. हाच धडा आमच्या धर्मग्रामासही लागू आहे. रविवारीं पेटी वाजविणारा, नाताळच्या रात्रीं थंडींत ढोलकी घेऊन घरोघर जाणारा, नवीं गीतें मुलांकडून घोकून घेणारी बाई, यांचीं नांवें कोणत्याही नोंदवहींत सांपडत नाहींत. बाप्तिस्म्याची नोंद होते, विवाहाची होते; सेवेची होत नाहीं. जे वृद्ध आज हयात आहेत, त्यांच्यापाशीं बसून कोणीं कोणतीं गीतें शिकविलीं, कोणीं कोणतें वाद्य किती वर्षें वाजविलें, हें तरुणांनीं एका वहींत उतरावें, व ती वही धर्मगुरूंच्या स्वाधीन करावी, अशी आमची नम्र सूचना आहे. ज्युबिलीस शोभेल असें हें काम असून त्यास एक वही व थोडा वेळ यांपलीकडे कांहीं लागत नाहीं.

२२ नोव्हेंबर हा संगीताची आश्रयदात्री संत सिसिलिया हिचा सण. त्या दिवशींच्या मिस्सेंत आमच्या मृत गायक-वादकांचीं नांवें त्या वहींतून वाचलीं जावींत, आणि परमेश्वरानें त्यांस चिरविश्रांति द्यावी, अशी आमची प्रार्थना आहे.