प्रतिबंधाचे कलम

संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने ९ डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथील शायो प्रासादात जो करार एकाही विरोधी मताशिवाय संमत केला, त्याच्या शीर्षकात वंशसंहाराचा प्रतिबंध आधी येतो आणि त्याबद्दलची शिक्षा मागाहून. परंतु त्याची १९ कलमे वाचीत गेले असता हा अनुक्रम केवळ शीर्षकापुरताच पाळला गेला असल्याचे ध्यानात येते. शिक्षेचा तपशील भरघोस आहे: अपराधाची व्याख्या आहे, कट, चिथावणी आणि साहाय्य यांची गणना आहे, राज्यकर्ता असो वा खाजगी इसम, कोणासही सूट नाही असे निक्षून सांगितले आहे, खटला कोठे चालावा आणि आरोपी एकमेकांच्या हवाली कसे करावेत याचीही व्यवस्था आहे. प्रतिबंधाच्या वाट्याला मात्र पहिल्या कलमातील एक प्रतिज्ञा आणि आठव्या कलमातील एक मुभा एवढेच आले. करारात सामील असलेल्या कोणत्याही राष्ट्रास संघाच्या योग्य त्या शाखेकडे दाद मागता येईल, असे ते आठवे कलम म्हणते. ती दाद किती दिवसांत आणि कोणत्या साधनांनी द्यावयाची, आणि दिली नाही तर जबाब कोणी द्यावयाचा, याविषयी करार मौन पाळतो. जगातील मोठी हत्याकांडे थांबविता आली नाहीत याचे कारण बातमी वेळेवर कळली नाही, असे सांगण्याचा मुत्सद्द्यांचा प्रघात आहे. दप्तरे उघडली की ते सांगणे खोटे ठरते. बातमी बहुधा वेळेवरच पोचलेली असते. ज्याच्या मेजावर ती पोचते त्याच्यावर हालचाल करण्याचे बंधन नसते.

या कराराचा खरा कर्ता राफाएल लेम्किन हा पोलंडमधील ज्यू कायदेपंडित होय. १९०० साली त्या वेळच्या रशियन साम्राज्यात, आजच्या बेलारूसमध्ये मोडणाऱ्या मुलखात, एका शेतकरी कुटुंबात तो जन्मला. आर्मेनियन लोकांच्या संहाराची मसलत करणाऱ्यांतला प्रमुख तुर्क वजीर तलात पाशा याला १५ मार्च १९२१ रोजी बर्लिनच्या रस्त्यावर सोगोमोन तेहलिर्यान नावाच्या आर्मेनियन तरुणाने गोळी घालून ठार केले, आणि त्याच साली जर्मन न्यायसभेने त्या तरुणास दोषमुक्त केले. ल्वूफ येथे शिकत असलेल्या लेम्किनने आपल्या अध्यापकास विचारले, की एका माणसाला मारणाऱ्यावर खटला भरता येतो, मग लक्षावधींना मारविणाऱ्यास आधीच अटक का झाली नाही? लेम्किनच्या आठवणीप्रमाणे अध्यापक म्हणाले, की कोणी शेतकरी आपल्या खुराड्यातली कोंबडी मारू लागला तर त्यात शेजाऱ्याने दखल देण्याचे कारण नाही. दखल दिली तर तो शेजाऱ्याचाच आगाऊपणा ठरेल. सार्वभौमत्वाचा सिद्धान्त इतक्या उघड्यावाघड्या शब्दांत क्वचितच कोणी मांडला असेल. लेम्किनचे पुढचे सारे आयुष्य या उत्तराचे खंडन करण्यात गेले.

१९३३ मध्ये माद्रिद येथे भरलेल्या कायदेपंडितांच्या परिषदेसाठी त्याने या अपराधास आंतरराष्ट्रीय गुन्हा ठरविण्याची सूचना तयार केली. त्याच्याच सरकारने त्याला तेथे जाऊ दिले नाही आणि सूचना बासनात पडली. सहा वर्षांनी जर्मन फौजा वॉर्सावर चालून आल्या. लिथुआनिया, स्वीडन, रशिया, जपान असा पृथ्वीला वळसा घालून तो १९४१ मध्ये अमेरिकेस पोचला. स्वीडनमध्ये असताना त्याने नाझींच्या अंमलाखालील देशांत निघालेली फर्माने जमविली होती. त्यांच्याच आधारे त्याने १९४४ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात या अपराधाला प्रथमच स्वतंत्र नाव मिळाले. मागे राहिलेल्या त्याच्या आप्तांपैकी ४९ जण, आईवडिलांसह, मारले गेले होते. न्यूरेंबर्गच्या आरोपपत्रात तो नवा शब्द उमटला खरा, पण १ ऑक्टोबर १९४६ च्या निकालपत्रात तो कोठेही आला नाही; आणि युद्ध सुरू होण्यापूर्वी जर्मनीने स्वतःच्याच प्रजेवर केलेले अत्याचार तर त्या न्यायसभेने जवळजवळ विचाराबाहेरच ठेवले. खुराड्याचा न्याय तेथेही शाबूत राहिला.

निराश होऊन लेम्किन न्यू यॉर्कजवळ लेक सक्सेस येथे, जेथे महासभेचे कामकाज चालू होते तेथे, येऊन थडकला. त्याच्यापाशी अधिकारपद नव्हते, कोणत्याही राष्ट्राची वकिली नव्हती. होता तो केवळ मसुदा आणि समोरच्याचा पिच्छा न सोडण्याची विलक्षण चिकाटी. त्याच्या ठरावास पुरस्कर्ते म्हणून तीन राष्ट्रे उभी राहिली: क्यूबा, पनामा आणि हिंदुस्थान. हिंदी शिष्टमंडळाच्या नेत्या होत्या विजयालक्ष्मी पंडित; कोकणातल्या बांबुळी गावाकडे मूळ सांगणाऱ्या पंडित घराण्याच्या त्या सून, आणि पुढे १९६२ ते १९६४ पर्यंत महाराष्ट्राच्या राज्यपाल. त्यांनी सही केली ती केवळ भिडेखातर नव्हे. त्याच अधिवेशनात त्या दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची कैफियत मांडीत होत्या, आणि समोर जनरल स्मट्स हा आमचा अंतर्गत कारभार आहे, संघाने त्यात हात घालू नये, असे सांगत होते. हिंदुस्थानचा ठराव ८ डिसेंबर १९४६ रोजी ३२ विरुद्ध १५ मतांनी निभावला. तीनच दिवसांनी वंशसंहाराविरुद्धचा ठराव विनाविरोध संमत झाला. या दोन ठरावांची गाठ आपल्या इतिहासलेखनात क्वचितच घातली जाते. राज्याने स्वतःच्या प्रजेशी कसे वागावे हा जगाच्या चिंतेचा विषय आहे, हे तत्त्व त्या आठवड्यात परतंत्र हिंदुस्थानने दोन वेगवेगळ्या दारांनी आत आणले. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात कलकत्त्याच्या रस्त्यांवर, मागाहून नोआखालीत व बिहारात, माणसे कापली गेली होती, हेही विसरता येत नाही.

ठरावापासून करारापर्यंतची दोन वर्षे घासाघिशीत गेली. राजकीय पक्षोपपक्षांच्या संहारास व्याख्येतून वगळले गेले. सोव्हिएट रशियाचा त्याविषयीचा आग्रह प्रसिद्धच आहे, पण तो एकटा नव्हता. संस्कृतीच्या विध्वंसाचे कलमही गळाले. ते राहावे म्हणून ज्यांनी जोर धरला त्यांत पाकिस्तान होते, ही गोष्ट पुढील हकीकतीच्या संदर्भात नोंदविण्याजोगी आहे. करार १२ जानेवारी १९५१ पासून अंमलात आला. पाकिस्तानने १९५७ साली त्यास कायम मान्यता दिली. भारताने २७ ऑगस्ट १९५९ रोजी दिली, परंतु एक शर्त घालून. कराराच्या नवव्या कलमान्वये उद्भवणारा तंटा हेगच्या न्यायालयापुढे नेण्यास प्रत्येक वेळी सर्व पक्षांची संमती लागेल, अशी ती शर्त होती. दुसऱ्याच दिवशी लेम्किन न्यू यॉर्कमध्ये हृदयक्रिया बंद पडून वारला. त्याच्या दफनास सात माणसे हजर होती.

आता १९७१ साल. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी फौजेने डाक्क्याच्या विद्यापीठावर, राजारबाग येथील पोलिसांच्या वसाहतीवर आणि हिंदू वस्त्यांवर हल्ला चढविला. परदेशी वार्ताहरांना हॉटेलात कोंडून नंतर देशाबाहेर काढण्यात आले. तरी बातमी थांबली नाही. अमेरिकेचा डाक्क्यातील प्रमुख वकील आर्चर ब्लड याने २८ मार्चलाच वॉशिंग्टनला तार पाठविली आणि तिच्या मथळ्यातच वंशसंहार हा शब्द घातला. ६ एप्रिल रोजी तेथील वीस अमेरिकन अधिकाऱ्यांनी आपल्याच सरकारच्या मौनाविरुद्ध सह्या केल्या. त्या तारेचे फळ एवढेच झाले, की ब्लडची बदली झाली. निक्सन आणि किसिंजर यांना पाकिस्तानचा लष्करशहा याह्याखान याच्या मध्यस्थीने पेकिंगचा दरवाजा उघडावयाचा होता आणि त्या सौद्यापुढे डाक्क्याच्या तारेचे मोल शून्य होते.

दुसरी बातमी अधिक सविस्तर होती, आणि ती आणणारा माणूस आपल्या मुलखातला. अँथनी मस्कारेन्हस हा १९२८ साली बेळगावात जन्मलेला, गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबातला, कराचीच्या इंग्रजी वृत्तपत्राचा सहसंपादक. एप्रिलमध्ये फौजेने जे आठ पत्रकार पूर्व बंगालचा मुलूख दाखविण्यासाठी नेले त्यांत तो होता. परिस्थिती पूर्ववत झाली आहे असे त्यांनी लिहावे अशी अपेक्षा होती, आणि इतरांनी ती पुरी केली. मस्कारेन्हसने अधिकाऱ्यांच्या सोबतीने हिंडताना जे पाहिले आणि भोजनाच्या मेजावर त्यांच्याच तोंडून जे ऐकले, ते लपवून ठेवले. आजारी बहिणीचे निमित्त करून लंडन गाठले, संपादक हॅरल्ड इव्हान्स यांना सारे सांगितले, आणि बायकोमुले सुखरूप बाहेर पडल्यावर स्वतः पेशावरवरून सरहद्द ओलांडून अफगाणिस्तानात निसटला. १३ जून १९७१ च्या 'संडे टाइम्स'मध्ये त्याची हकीकत छापून आली. मथळा एकाच शब्दाचा होता, लेम्किनने घडविलेला. त्या लेखाने लोकमत हलले. सरकारे हलली नाहीत. महासचिव ऊ थांट यांनी २० जुलै रोजी सुरक्षा समितीच्या अध्यक्षांस खलिता पाठविला, तरी समितीची बैठक या प्रकरणी प्रथम भरली ती ४ डिसेंबरला, भारत-पाकिस्तान युद्ध भडकल्यावर. मार्चपासून तोवर जवळजवळ एक कोटी निर्वासित भारतात येऊन पडले होते.

युद्ध सुरू होताच मात्र संघास भलतीच त्वरा सुटली. ७ डिसेंबर रोजी महासभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी लढाई थांबवून फौजा मागे घेण्याचे फर्माविले. मारणारा आपल्या हद्दीत मारीत होता तोवर आठ महिने जी संस्था निश्चल राहिली, ती थांबविणाऱ्याने हद्द ओलांडताच चार दिवसांत जागी झाली. भारताचे युद्ध निःस्वार्थी होते असे मी म्हणणार नाही. पाकिस्तान दुभंगण्यात भारताचा उघड लाभ होता. परंतु १६ डिसेंबरला डाक्क्यात शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या आणि कत्तल थांबली, हेही तितकेच खरे. आणि ती ज्या उपायाने थांबली त्याला १९४८ च्या करारात जागा नाही.

या प्रकरणाचा शेवट तर कोणा कादंबरीकारास सुचला नसता. भारताच्या ताब्यातील युद्धकैद्यांपैकी १९५ जणांवर वंशसंहारादी गुन्ह्यांबद्दल खटले भरण्याचे बांगलादेशाने ठरविले, तेव्हा ११ मे १९७३ रोजी पाकिस्तानने हेगच्या न्यायालयात भारताविरुद्ध फिर्याद गुदरली, तीही याच कराराच्या आधारे: गुन्हा आमच्या प्रजाजनांचा आहे, सबब खटल्याचा अधिकार आमचाच. भारताने १९५९ ची शर्त पुढे केली आणि न्यायालयास या तंट्यात अधिकारच नाही असे कळविले. ज्याच्यावर संहाराचा आरोप, तो कराराचा आश्रय घेतो. आणि ज्याने ठरावास जन्म दिला, तो न्यायालयाचा उंबरठा ओलांडण्याचे नाकारतो! डिसेंबरात फिर्याद मागे घेतली गेली. एप्रिल १९७४ मध्ये दिल्लीत तिन्ही देशांचा तह झाला आणि ते १९५ जण कोणत्याही चौकशीविना स्वदेशी रवाना झाले. व्यवहाराच्या दृष्टीने तो तह शहाणपणाचा असेल. प्रतिबंधाच्या दृष्टीने त्याने पुढच्या प्रत्येक सेनापतीस काय शिकविले, ते उघड आहे.

रुआंडाची कथा त्याच साच्यातली, फक्त अधिक वेगाने घडलेली. तेथील संघाच्या फौजेचा सेनानी रोमिओ दालेर याने ११ जानेवारी १९९४ रोजी न्यू यॉर्कला कळविले, की शस्त्रांचे गुप्त साठे आहेत आणि तुत्सी लोकांच्या कत्तलीची सिद्धता चालू आहे. साठे जप्त करण्याची परवानगी त्याला मिळाली नाही, उलट ही खबर रुआंडाच्या अध्यक्षांच्या कानी घालण्याचा हुकूम आला. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाल्यावर सुरक्षा समितीने २१ तारखेस त्याची फौज २७० माणसांवर आणण्याचे ठरविले. त्या समितीच्या मेजाभोवती त्या वर्षी रुआंडाच्या सरकारचा वकीलही सभासद म्हणून बसत होता. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. शिक्षेचे कलम मग व्यवस्थित लागू झाले: २ सप्टेंबर १९९८ रोजी ताबा गावाचा नगरप्रमुख अकायेसु हा वंशसंहाराबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायसभेत दोषी ठरलेला पहिला मनुष्य ठरला.

प्रतिबंधाच्या कलमास काही अर्थ आहे, हे हेगच्या न्यायालयाने स्पष्टपणे सांगितले ते २६ फेब्रुवारी २००७ रोजी, बोस्नियाच्या दाव्यात. स्रेब्रेनित्सा येथे १९९५ च्या जुलैत सुमारे आठ हजार मुसलमान पुरुष व मुलगे मारले गेले; ती कत्तल सर्बियाने केली असे न्यायालयाने मानले नाही, परंतु ती टाळण्यासाठी आपले वजन खर्च न केल्याबद्दल त्याने सर्बियास दोषी ठरविले. गंभीर धोका कळला, किंवा कळावयास हवा होता, त्याच क्षणी राष्ट्राचे कर्तव्य सुरू होते, असा तो दंडक आहे. डाक्क्याची तार, बेळगावच्या मस्कारेन्हसची हकीकत, दालेरचा संदेश यांना हा दंडक लावला असता किती राजधान्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या असत्या, ते वाचकांनीच मोजावे.

आपल्या घरचाही हिशेब बाकी आहे. कराराच्या पाचव्या कलमाने प्रत्येक सभासद राष्ट्रावर आपल्या देशात तदनुरूप कायदा करण्याचे बंधन घातले आहे. १९८४ च्या दिल्लीतील शीखविरोधी हत्याकांडासंबंधी १७ डिसेंबर २०१८ रोजी निकाल देताना दिल्लीच्या उच्च न्यायालयाने, वंशसंहार हा आपल्या देशी कायद्यात गुन्हाच नाही आणि ही उणीव तातडीने दूर केली पाहिजे, असे बजावले. त्यानंतर जुनी दंडसंहिता रद्द होऊन नवी न्यायसंहिता आली आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आली. तिच्यातही ते कलम नाही.