दिवा घेतलेली तरुणी

म्हैसुरात जयलक्ष्मीपुरमकडून जुन्या शहरात शिरले की जगन्मोहन राजवाडा लागतो. तेथील चित्रशाळेत ज्योतीला तळव्याचा आडोसा देणारी एक तरुणी उभी आहे. कित्येकजण हे चित्र रविवर्म्याचे मानतात. वास्तविक रविवर्मा १९०६ सालीच निवर्तले, आणि चित्र आहे १९४५-४६ मधले, सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे. समोर उभी होती त्यांचीच कन्या गीता. दिवा धरून तीन तास निश्चल राहावे लागले, असे त्या पुढे सांगत. पित्याचीही परीक्षाच होती, कारण माध्यम जलरंगाचे! तैलरंगात चूक झाकता येते. जलरंगात एकदा मळलेला उजेड पुन्हा उजळत नाही. तरीही बोटांच्या फटींतून तांबूस प्रकाश स्वच्छ पाझरतो. गीताबाई उपळेकर २०१८ साली, शंभरी ओलांडून, कोल्हापुरात निवर्तल्या.