काठवट आणि जवसाचे तेल

नांदेड जिल्ह्यातील नायगावचा मुलूख ज्वारीच्या भाकरीचा. पीठ मळावयास तेथे अखंड लाकडाची कोरलेली काठवट. अन्नाच्या या भांड्यास तेल कोणते द्यावे? भुईमूग दक्षिण अमेरिकेतून मागाहून आलेला. त्याचे तेल लाकडात न वाळता खवट होते. जवस, श्रोतेहो, आपल्याकडे फार जुना. पुणे जिल्ह्यातील चांडोलीच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत त्याच्या वाखाचा धागा सापडला आहे. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन लाकडाच्या रंध्रांतच घट्ट होते. याच गुणामुळे युरोपी चित्रकारांनी ते रंगांत घातले. पण लवकर वाळावे म्हणून त्यात शिशाचे भस्म उकळण्याची चाल पडली. रंगाऱ्याचे असले उकळीव तेल काठवटीस वर्ज्यच! घाण्याचे निर्भेळ तेल पातळ चोळावे, जास्तीचे पुसावे आणि दोन-तीन आठवडे वाळू द्यावे. तेलाच्या चिंध्या मात्र पसरून वाळवाव्यात. चुरगळून ठेवल्यास आपोआप पेट घेतात.