आजीव सभासद : शिक्षकांच्या एका बिरादरीचा इतिहास

गिरणीत नवा कामगार भरती झाला म्हणजे त्याला सांचा चालवायला शिकवीत असे कोण? मालक शिकवीत नसे आणि पुस्तकही शिकवीत नसे. शेजारच्या सांच्यावरचा जुना माणूसच त्याला शिकवी. धागा कुठे तुटतो, धोटा कधी अडतो, हे तो दोन शब्दांत सांगे आणि पुन्हा आपल्या कामाला लागे. कामगाराची खरी शाळा ती हीच. आम्ही आयुष्यभर अशा माणसांत वावरलो. कॉलेजची पायरी विद्यार्थी म्हणून आम्ही कधी चढलो नाही. म्हणूनच एक प्रश्न आम्हांला पुष्कळ दिवस पडत आला आहे : कॉलेजातल्या प्राध्यापकाला शिकवतो कोण? त्याच्यापाशी विषयाची पदवी असते. ती घेऊन तो एके दिवशी साठ मुलांपुढे उभा राहतो, वर्गाचे दार बंद होते, आणि शेजारच्या वर्गात काय चालले आहे हे त्याला निवृत्त होईपर्यंत कळत नाही. शिकविण्याचे काम करणारा माणूस स्वतः शिकण्याच्या बाबतीत इतका एकाकी का असावा?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. पुण्यातच सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी काही तरुणांनी त्याचे एक उत्तर करून पाहिले. ते किती टिकले आणि कुठे मोडले, हे नीट पाहण्यासारखे आहे.

1880 च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि बाळ गंगाधर टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. माधवराव नामजोशी, वामन शिवराम आपटे व गोपाळ गणेश आगरकर हेही त्यांना येऊन मिळाले. विष्णुशास्त्री 1882 साली वारले; परंतु शाळा थांबली नाही. 24 ऑक्टोबर 1884 रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली, आणि 1885 च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज उघडले.

ही सारी नावे आपण शाळेत पाठ केलेली आहेत. पण या मंडळींनी आपसांत जो करार केला, तो कोणी पाठ करायला सांगत नाही, आणि आमच्या मते खरे नवल त्या करारातच आहे. संस्थेचे शिक्षक हेच तिचे आजीव सभासद. वीस वर्षे सेवा करण्याचे वचन त्यांनी द्यावयाचे. पगार पुढे दरमहा 75 रुपये ठरला, शिवाय प्रत्येकाच्या नावे 3000 रुपयांचा विमा. सरकारी कॉलेजातला युरोपियन प्राध्यापक याच्या कित्येक पट मिळवीत होता. वर देणगीदार व प्रतिष्ठित गृहस्थांचे नियामक मंडळ होते खरे. पण कॉलेजचा रोजचा कारभार आजीव सभासदांच्या मंडळाकडे असे, आणि तेथे निर्णय बहुमताने होत. म्हणजे वर्गात शिकविणारा माणूसच संस्था कशी चालावी हे ठरविणारा होता. आम्हां संघटनेच्या माणसांना ही गोष्ट त्यागाच्या कहाण्यांपेक्षा मोठी वाटते. त्याग एकटा माणूसही करू शकतो. बरोबरीने बसून हात वर करून निर्णय घेणे आणि तो आपल्याविरुद्ध गेला तरी पाळणे, ही चार माणसांनी मिळून शिकण्याची विद्या आहे.

या बिरादरीत माणसे वाढत कशी? गोपाळ कृष्ण गोखले यांचे उदाहरण घ्या. 1885 साली ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले तेव्हा ते विशीच्या आतबाहेरचे होते. इंग्रजी शिकवावे, गणित शिकवावे, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवावे. नड पडेल तो विषय त्यांनी घेतला. शिकविता शिकविता त्यांनी अंकगणिताचे पुस्तकही तयार केले. पण अर्थशास्त्रात त्यांना खरे घडविले ते न्यायमूर्ती रानड्यांनी. ज्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेच हे रानडे. गोखल्यांनी लिहावे, रानड्यांनी चुका काढाव्यात, गोखल्यांनी पुन्हा लिहावे, असा हा क्रम वर्षानुवर्षे चालला. 1897 साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले, तेव्हा त्यांच्या तयारीमागे रानड्यांप्रमाणेच गणेश व्यंकटेश जोशी हेही होते. हे जोशी सरकारी शाळांत शिक्षक होते आणि सरकारी आकडेवारीचा त्यांच्याइतका अभ्यास फारच थोड्यांचा होता. एक न्यायाधीश, एक शाळामास्तर आणि एक तरुण प्राध्यापक! तिघांचे दर्जे निराळे, पण कागदावरची चूक दाखविताना दर्जा आड आला नाही. चूक दाखविणारा मित्रच आहे, अशी खात्री असल्याखेरीज कोणीही माणूस आपला कच्चा कागद दुसऱ्याच्या हाती देत नाही. शिकणाऱ्या समाजाचा पाया हाच.

आधार म्हणजे काय, याचाही एक दाखला येथेच मिळतो. धोंडो केशव कर्वे 1891 साली गोखल्यांच्या बोलावण्यावरून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले. 1893 साली त्यांनी विधवेशी विवाह केला. मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. पण कॉलेजातील त्यांच्या जागेला धक्का लागला नाही. ते 1914 पर्यंत तेथे शिकवीत राहिले, आणि त्याच पगारावर हिंगण्याचे कार्य उभे केले. केंब्रिजला 1899 साली सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे याच 75 रुपयांवर परत आले आणि 1902 साली प्राचार्य झाले.

मग ही बिरादरी मोडली कुठे? कर्व्यांना जी जागा मिळाली, ती टिळकांनी रिकामी केलेली होती, हे विसरून चालणार नाही. 1890 च्या अखेरीस टिळक संस्थेतून बाहेर पडले. टिळक आणि आगरकर यांचा सामाजिक सुधारणेवरचा वाद सर्वांना ठाऊक आहे. परंतु संस्थेच्या आत पेटलेले भांडण पुष्कळसे पैशाचे आणि वेळेचे होते. पगार वाढवावा की नाही? होळकर महाराजांनी दिलेली देणगी व्यक्तींची की संस्थेची? गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घ्यावे की नाही? टिळकांचे म्हणणे असे की, जेसुइट पाद्र्यांप्रमाणे सर्वांनी सारखेच घ्यावे, आणि बाहेरची मिळकत वा बाहेरचा व्याप करू नये. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, कॉलेजचे काम चोख केल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा.

या भांडणात कोण खरा आणि कोण खोटा, यावर पुण्याने पुष्कळ शाई खर्च केली आहे. आम्ही त्या वाटेला जात नाही. कामगारांचे तंटे मिटविताना आम्हांला एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली : दोन भली माणसे भांडतात तेव्हा दोष बहुधा स्वभावात नसतो, न लिहिलेल्या नियमात असतो. येथेही तेच झाले असे आमचे मत आहे. आरंभी मैत्री इतकी दाट होती की बाहेरच्या मिळकतीचा नियम स्पष्ट लिहावा असे कोणास वाटले नाही. संसार वाढले, कर्जे झाली, वर्तमानपत्रे निघाली, आणि प्रत्येकाने जुन्या वचनाचा अर्थ आपापल्या परीने लावला. ध्येय तोंडी असले तर चालते. हिशेब लिहिलेला असावा.

दुसरी उणीव याहून खोल आहे. ही बरोबरी होती, पण ती एका जातीच्या पुरुषांपुरती होती. 1882 साली हंटर कमिशनपुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिले आणि विचारले ते हेच, की रयतेच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणात रयतेची मुले कुठे आहेत, आणि तिच्यातून आलेले शिक्षक कुठे आहेत? पुण्याच्या या तरुणांपाशी त्याचे उत्तर नव्हते. मुंबईत 1918 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी शिवू नये असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतल्याचे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. जेथे पाणी एकत्र पिता येत नाही, तेथे विद्या एकत्र कशी वाढेल? या उणिवेवरचा उतारा पुढे दुसऱ्यांनी काढला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि आजीव सेवकांची परंपरा बहुजन समाजात रुजविली. बाबासाहेबांनी 1946 साली सिद्धार्थ कॉलेज उघडले.

आता आजचे चित्र पाहू. 1987 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या उजळणीसाठी अॅकॅडमिक स्टाफ कॉलेजे काढली. त्यांची नावे दोनदा बदलली, अभ्यासक्रमही बदलले. त्यांचा उपयोग नाही असे आम्ही म्हणत नाही. पण बढतीसाठी लागणारे प्रमाणपत्र घेण्यास चार आठवडे एकत्र बसलेली माणसे पाचव्या आठवड्यात पांगतात. आणि जो तासिका तत्त्वावर शिकवितो, सकाळी एका कॉलेजात तर दुपारी दुसऱ्यात धावतो, ज्याला पुढच्या वर्षी जागा असेल की नाही ठाऊक नाही, तो आपल्या अध्यापनातली अडचण कोणाजवळ बोलणार? अडचण बोलणे म्हणजे आपली नालायकी कबूल करणे, अशी त्याला धास्ती असते. नोकरीची शाश्वती नसेल तेथे मोकळेपणा येत नाही, आणि मोकळेपणाशिवाय शिकणे होत नाही. प्राध्यापकांच्या संघटनांनी वेतनश्रेणीसाठी लढे दिले ते योग्यच. परंतु या बिनभरवशाच्या सहकाऱ्याला आपल्या पंक्तीत बसविणे हेही संघटनेचेच काम आहे.

आजीव सभासदांचा तो करार जसाच्या तसा आज आणता येणार नाही, आणू नये. अर्धपोटी राहण्याला आदर्श म्हणण्याचे दिवस गेले. पण त्याचे सार घेता येईल. शिकविणाऱ्याला संस्थेच्या कारभारात मत असावे. जुन्याने नव्याच्या वर्गात बसावे आणि नव्याने जुन्याच्या. आणि तेथे पाहिलेल्या चुकांचा उपयोग कोणाच्या बढतीआड होऊ नये. पैशाचे आणि वेळेचे नियम मैत्री ताजी असतानाच लिहून ठेवावेत. पाण्याचे भांडे सर्वांना सारखे असावे.

आणि आपण गावकऱ्यांनी? ही कॉलेजे केवळ सरकारने उभारली नाहीत. संस्थानिकांच्या देणग्यांप्रमाणे सामान्य माणसाच्या वर्गणीचाही पैसा त्यांत आहे. परीक्षेचा निकाल किती टक्के लागला हे आपण दरवर्षी विचारतो. यापुढे एवढेही विचारावे की, तुमच्या कॉलेजातले किती शिक्षक कायम आहेत, आणि ते आपसांत अभ्यासाला कधी बसतात? मुलाला शिकविणारा माणूस स्वतः शिकत आहे की नाही, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.