अमेरिकेतील ‘प्रादेशिक केंद्रे’ : गुंतवणूकदार-व्हिसाच्या संस्थात्मक रूपाचा इतिहास

अमेरिकेच्या १९९० च्या स्थलांतर कायद्याने १० लाख डॉलर (ग्रामीण वा तीव्र बेरोजगारीच्या भागात ५ लाख) गुंतवून १० पूर्णवेळ रोजगार निर्माण करणाऱ्या परकीयास कायम वास्तव्याचा मार्ग खुला केला. १९९२ मध्ये ‘प्रादेशिक केंद्रां’ची प्रायोगिक तरतूद झाली. शासनमान्य केंद्राने अनेकांचे भांडवल एका प्रकल्पात आणावे व अप्रत्यक्ष रोजगारही गणले जावेत, ही त्यामागील भूमिका होती. तथापि, शासकीय मान्यता म्हणजे भांडवलाची हमी नव्हे, हे व्हरमाँटमधील ‘जे पीक’ गैरव्यवहाराने २०१६ मध्ये उघड केले. २०२२ च्या सुधारणा कायद्याने केंद्रांवर वार्षिक शुल्क, नियतकालिक शासकीय तपासणी व प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र अर्ज बंधनकारक केला. तात्पर्य, केवळ रोजगार मोजणाऱ्या या व्यवस्थेस गुंतवणूकदाराच्या संरक्षणाकडे वळण्यास तीस वर्षे लागली.