मृत्यूभरपाई (आखाती देशांतील भारतीय कामगार)

कामावर असताना झालेल्या अपघाताने किंवा कामामुळे जडलेल्या आजाराने मरण पावलेल्या कामगाराच्या वारसांना मिळणारी रक्कम. थकलेला पगार, शिल्लक रजेचे पैसे व ग्रॅच्युइटी हे याहून वेगळे हक्क आहेत. मालकाने सगळ्याचा एकत्र हिशेब पुढे केला, तर सही करण्याआधी घरच्यांनी प्रत्येक रक्कम सुटी मांडून घ्यावी.

संयुक्त अरब अमिरातीत भरपाई २४ महिन्यांच्या मूळ वेतनाइतकी, किमान १८,००० व कमाल २,००,००० दिरहम असते. १९८० च्या कायद्यात कमाल मर्यादा अवघी ३५,००० होती. हिशेब ‘बेसिक’वर होतो, भत्ते त्यात येत नाहीत. करारात बेसिक कमी दाखवलेला असेल, तर भरपाईही तेवढीच घटते. कतारमध्ये भरपाई शरियतच्या ‘दिया’नुसार (मृत्यूबद्दल वारसांना द्यायची रक्कम) ठरते, ती २,००,००० रियाल आहे.

खरी अडचण मृत्यूच्या कारणापाशी येते. उन्हात राबणारा तरुण झोपेतच गेला आणि दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून, नैसर्गिक’ असे लिहिले गेले, की मालकाची जबाबदारी संपते. हृदयक्रिया तर प्रत्येक मृत्यूत बंद पडते. ती का पडली, हे न शोधता कारण नोंदवणे हा मृताच्या घरावर उघड अन्याय आहे. कतारमधील अशा नोंदींवर अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २०२१ मध्ये कडक टीका केली. मृतदेह लवकर घरी यावा ही घालमेल समजण्यासारखी आहे. पण कारणाबद्दल शंका असेल, तर ना-हरकत पत्र देण्यापूर्वीच भारतीय दूतावासामार्फत शवविच्छेदनाची मागणी करावी.

भारताची प्रवासी भारतीय विमा योजना २००३ पासून आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या, ‘ईसीआर’ (परदेशगमन-तपासणी आवश्यक) पासपोर्टवर आखातासह ठरावीक देशांत कामाला जाणाऱ्यांना ती सक्तीची असते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये; अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये मिळतात. नैसर्गिक मृत्यूला ही रक्कम नाही, म्हणजे दाखल्यावरचा तोच शब्द इथेही आडवा येतो. रत्नागिरी-रायगडातून जाणारा दहावी पास वेल्डर या सक्तीत येत नाही, आणि व्हिजिट व्हिसावर जाऊन काम धरणाराही या संरक्षणाबाहेर राहतो.

दाव्यासाठी मृत्यूचा दाखला, पोलीस व वैद्यकीय अहवाल, वारस दाखला आणि साक्षांकित मुखत्यारपत्र लागते. गरजू कुटुंबाला मृतदेह आणण्याचा खर्च दूतावासाकडील भारतीय समुदाय कल्याण निधीतून मिळू शकतो.