सरकारी इमारतींच्या सफाईचं कंत्राट : टेंडर कसं निघतं, पैसा कुठं जातो आणि जबाबदार कोण?

बेळगाव : कुठलाही दाखला काढायला सरकारी कार्यालयात गेलात आणि जिन्यात पिचकाऱ्या, स्वच्छतागृहात पाणी नाही असं दिसलं, की तीन उत्तरं ठरलेली असतात. साहेब म्हणतात, "सफाई कंत्राटदाराकडं दिली आहे." कंत्राटदार म्हणतो, "माझं बिलच निघालेलं नाही." आणि फरशी पुसणारी बाई हळूच सांगते, "दोन महिने पगार नाही बघा." गंमत अशी की तिघंही बहुधा खरंच बोलत असतात.

मग चूक कुठं होते? ती बहुतेक वेळा झाडू हातात घेण्याच्या कितीतरी आधी, टेंडरच्या कागदावरच झालेली असते. महापालिका, तालुका पंचायत, रुग्णालय, बसस्थानक, वाचनालय अशा इमारतींची सफाई कंत्राटी पद्धतीनं देताना काय घडतं, कायदा काय म्हणतो आणि नागरिक म्हणून आपण कोणता कागद बघायचा, याची ही माहिती. सीमाभागातल्या वाचकांसाठी कर्नाटकाचे संदर्भ जास्त दिलेत. पण केंद्रीय कायद्यांचा भाग गोवा, महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात, तेलंगणा सगळीकडं सारखाच लागू पडतो.

इमारत कोणाची, ते आधी बघा

एकाच शहरातल्या सरकारी इमारतींचे मालक वेगवेगळे असतात. बेळगावातच बघा : महापालिकेची विभागीय कार्यालयं महापालिकेची, बसस्थानक वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाचं, अनेक राज्य कार्यालयांची देखभाल सार्वजनिक बांधकाम खात्याकडं. बसस्थानकातल्या घाणीबद्दल नगरसेवकाला धारेवर धरून उपयोग नाही. जो विभाग कंत्राट देतो, तो कायद्याच्या भाषेत 'मुख्य नियोक्ता'. हा शब्द लक्षात ठेवा, पुढं सगळं त्यावरच फिरतं.

रस्ते झाडणारे पौरकार्मिक आणि इमारतीत झाडलोट करणारे कामगार यांतही फरक आहे. कर्नाटकात २०१७ नंतर पौरकार्मिकांच्या बाबतीत मधला कंत्राटदार हटवून पालिकेनं थेट पगार द्यायची पद्धत आणली गेली. इमारतींच्या आतली सफाई मात्र बहुतेक ठिकाणी अजून एजन्सीमार्फतच चालते. बाहेरचा आणि आतला, दोघंही झाडूच मारतात. पण पगाराचा रस्ता वेगळा.

कायदा कुठून कुठं आला

कंत्राटी कामगार कायदा १९७० चा. ज्या कामात कंत्राटी पद्धत नको, तिथं ती बंद करण्याचा अधिकार त्यात सरकारला होता. तो वापरून केंद्रानं ९ डिसेंबर १९७६ ला अधिसूचना काढली : केंद्राच्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारतींमध्ये झाडणं, साफसफाई, धूळ पुसणं आणि राखण या कामांसाठी कंत्राटी कामगार ठेवायचे नाहीत.

त्यावरून एअर इंडियाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर १९९६ मध्ये निकाल लागला : बंदी असलेल्या कामात कंत्राटी कामगार असतील, तर मुख्य नियोक्त्यानं त्यांना सामावून घ्यावं. कामगारांना मोठा आधार मिळाला, पण तो पाच वर्षंसुद्धा टिकला नाही. ३० ऑगस्ट २००१ ला स्टील अथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं १९७६ ची अधिसूचनाच रद्द ठरवली आणि कंत्राटी पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही, असं सांगितलं. एक दार मात्र उघडं ठेवलं : कंत्राट नुसतं कागदावर असेल आणि प्रत्यक्षात कामगार मुख्य नियोक्त्याचाच असेल, तर औद्योगिक न्यायालय तसं जाहीर करू शकतं.

त्या दारातून पुढं मुंबईतले कचरा वाहतूक कामगार आत गेले. बृहन्मुंबई महापालिकेतील सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम ठेवला. म्हणून कुठल्याही आयुक्तानं "आमचा काय संबंध, ते कंत्राटदाराचे लोक" म्हणताना जरा जपून म्हणावं.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यपरिस्थिती संहितेनुसार आस्थापनेच्या 'मुख्य कामात' कंत्राटी कामगार ठेवता येत नाहीत, थोडे अपवाद सोडून. पण झाडणं, सफाई, धूळ पुसणं, कचरा उचलणं ही कामं 'मुख्य काम' धरायची नाहीत, अशी तरतूद आहे; अट एवढीच की ती आस्थापना त्याच कामासाठी उभारलेली नसावी. बँकेच्या बाबतीत हे सरळ आहे. पण शहराची स्वच्छता हेच जिचं कर्तव्य, त्या महापालिकेचं काय? हा वाद पुढं कोर्टात रंगणार.

दुसरा बदल संख्येचा. जुन्या कायद्यात २० कामगारांपासून कंत्राटी कामगारांचे नियम लागायचे, नव्या संहितेत ५० पासून. त्यामुळं ६० जणांचं काम २०-२० चे तुकडे करून दिलंय का, हे बघायला हवं.

हिशेब : इथंच सगळी गोम आहे

मी कॉमर्सवाला, म्हणून हा भाग जरा सविस्तर मांडतो. रस्त्याच्या कंत्राटात डांबर, खडी, यंत्रं असतात. हुशार कंत्राटदार तिथं खर्च वाचवू शकतो. सफाईच्या कंत्राटात बहुतांश खर्च माणसांच्या पगाराचाच. बाकी फिनेल, झाडू, पोछा. म्हणजे दर पाडायचा तर पाडणार कुठून?

समजा, फक्त हिशेबासाठी, रोजची मजुरी ५०० रुपये धरली. २६ दिवसांचे १३,००० झाले. त्यावर मालकाचा वाटा असा :

– भविष्यनिर्वाह निधी १२ टक्के, त्यावर विमा आणि प्रशासकीय आकार मिळून १ टक्का : १,६९० रु.
– ईएसआय ३.२५ टक्के : ४२२.५० रु.
– किमान बोनस ८.३३ टक्के : १,०८२.९० रु.

एका कामगाराचा महिन्याचा खर्च १६,१९५.४० रु. झाला. यात अजून गणवेश नाही, साहित्य नाही, रजेवर गेलेल्याच्या बदली माणसाचा पगार नाही, कंत्राटदाराचा नफाही नाही. २० कामगारांचे वर्षाचे ३८,८६,८९६ रु. होतात.

आता याच कामासाठी कुणी ३३ लाखांचं टेंडर भरलं आणि 'सर्वांत कमी दर' म्हणून ते मंजूर झालं, तर ५,८६,८९६ रुपयांचा खड्डा आहे. दर माणशी दर महिना जवळपास २,४४५ रुपये. हा खड्डा कंत्राटदार घरचं सोनं विकून भरणार नाही. एक तर २० च्या जागी १६ माणसं येतील आणि हजेरी २० ची लागेल. नाही तर पीएफ भरला जाणार नाही. नाही तर बँकेत पूर्ण पगार टाकून त्यातले दोन-अडीच हजार हातात परत घेतले जातील. पालिकेनं वाचवलेले पैसे हे असे त्या बाईच्या घरातून येतात.

वरच्या हिशेबात कामगाराच्या हातात किती पडायला हवेत? १३,००० मधून पीएफचे १,५६० आणि ईएसआयचे (०.७५ टक्के) ९७.५० वजा जाता ११,३४२.५० रु. यापेक्षा कमी मिळत असतील, तर कुणीतरी मध्ये खातंय, इतकं साधं आहे.

चांगल्या टेंडरात काय असतं

कर्नाटकात सरकारी खरेदीला १९९९ चा पारदर्शकता कायदा लागू आहे आणि निविदा राज्याच्या सार्वजनिक खरेदी पोर्टलवर निघतात. साधारणपणे दोन लिफाफे : पहिल्यात अनुभव, नोंदणी, उलाढाल, दुसऱ्यात दर. पहिल्यात पास झालेल्यांचाच दुसरा लिफाफा उघडतो. पण अटी लिहिताना पुढच्या गोष्टी राहून जातात :

१) कामाचं माप. "इमारत स्वच्छ ठेवणे" एवढं लिहून भागत नाही. फरशी किती चौरस फूट, स्वच्छतागृहं किती, दिवसातून किती वेळा धुवायची, काचा आणि जळमटं आठवड्यातून की महिन्यातून, सगळं तक्त्यात हवं.

२) पगार आणि वैधानिक देणी ठरवूनच द्यावीत. स्पर्धा फक्त साहित्य आणि सेवाशुल्कावर. तिथंही लोक शून्य टक्के सेवाशुल्क भरतात. नफा नको असलेला धंदेवाला जगात नसतो, तेव्हा सेवाशुल्काला खालची मर्यादा हवी.

३) किमान वेतन वाढलं तर फरक कोण देणार? कर्नाटकात महागाई भत्ता दरवर्षी १ एप्रिलला बदलतो, महाराष्ट्रात विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत. दोन वर्षांच्या कंत्राटात हे कलम नसेल, तर वाढ कागदावरच राहते.

४) दंड कंत्राटदाराला, कामगाराला नाही. स्वच्छतागृह घाण आढळलं म्हणून कापलेली रक्कम कामगाराच्या पगारातून वळती करता येणार नाही, असं स्पष्ट लिहावं.

५) साहित्याची यादी आणि हातमोजे, बूट, मास्क. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र केली की क्लोरीन वायू सुटतो. बंद स्वच्छतागृहात तो जीवावर बेतू शकतो. हे सांगायलाही प्रशिक्षण लागतं.

६) सेप्टिक टाकी या कंत्राटात नको. २०१३ च्या कायद्यानं गटार किंवा सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवायला बंदी आहे. अशा मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली. टाकी भरली की "तूच बघ रे जरा" म्हणणारा अधिकारी स्वतःच अडचणीत येतो.

बिल थकलं, पगार थकला

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायला हवा. पालिकेचं बिल मात्र तपासणी, सही, लेखा विभाग असं फिरत राहतं. त्यातून प्राप्तिकराची कपात (एकट्या मालकाला १ टक्का, कंपनी किंवा भागीदारी असेल तर २), शिवाय अडीच लाखांवरच्या करपात्र कंत्राटात जीएसटीची २ टक्के कपात. जीएसटी दरात धरलाय की वेगळा, यावरूनही बिलं अडतात. म्हणून निदान दोन महिन्यांचा पगार स्वतःच्या खिशातून देऊ शकेल, असाच कंत्राटदार निवडावा. 'बिल आलं की पगार' ही अट बेकायदा आहे.

कंत्राटदारानं पगार दिलाच नाही, तर तो मुख्य नियोक्त्यानं द्यायचा आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायचा. १९७० च्या कायद्यात हे होतं, नव्या संहितेतही आहे. पीएफ आणि ईएसआयचंही तसंच. नव्या संहितेत पिण्याचं पाणी, प्रथमोपचार, विश्रांतीची जागा अशा सोयींची जबाबदारीही मुख्य नियोक्त्यावर टाकली आहे. जिन्याखाली झाडूंच्या ढिगात डबा खाणाऱ्या बायका आपण सगळ्यांनीच बघितल्यात.

नागरिकांनी कोणते कागद मागायचे

माहिती अधिकारात १० रुपये भरून अर्ज करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवस. कायद्यानुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या अधिकृत भाषेत करायचा असतो, म्हणजे बेळगावात कन्नड, इंग्रजी किंवा हिंदी. लिहायला जमत नसेल, तर तोंडी विनंती लिहून घ्यायला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं काम आहे. कामगारांची नावं मागू नका, त्यावरून अर्ज अडकतो. एवढंच मागा :

– कार्यादेश आणि कामाचा तक्ता
– मंजूर कामगारसंख्या आणि दरमहा प्रत्यक्ष हजेरीची एकूण संख्या
– पीएफ व ईएसआय चलनं, त्यावरची कामगारसंख्या
– बिल सादर केल्याची आणि रक्कम अदा केल्याची तारीख
– कंत्राटदाराला केलेला दंड

हजेरीत २० आणि पीएफच्या चलनात १२, एवढी एक तफावत सापडली तरी पुढचं बोलायला पुरेसं आहे. आणि तेही नको असेल, तर सकाळी कार्यालय उघडताना जाऊन माणसं मोजा.

टेंडर उघडलं की "इतके लाख वाचवले" अशी बातमी आम्ही पत्रकारही देतो. यापुढं ती देण्याआधी माणशी हिशेब करून बघायला हवा, हे मी स्वतःलाही सांगतोय. सफाईच्या कंत्राटात सगळ्यात कमी दर लावणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा : बाबा, हे पैसे वाचले ते कुणाचे?